गाडीची चावी माझ्याकडे आहे

फुजैलचे अब्बा,

घावनं झाकून ठेवलीत, खाऊन घ्या. आंजर्ल्याला सगळे टेम्पो ट्रॅव्हलरनेच जाणार, ठरलं. आता पुन्हा फोन करून कुणाला "माझ्याच गाडीतून चला" म्हणू नका. डिकी लहान आहे, पोरांना गाडी लागते, हे सगळे त्यांचे बहाणे आहेत. खरं तुमच्या तोंडावर कोण बोलणार? परवा हातखंब्याला तुम्ही कुवेतसारखी उजव्या बाजूने गाडी घातलीत, तेव्हापासून तुमची अम्मीसुद्धा बसायला तयार नाही. चावी शोधू नका. ती माझ्या पर्समध्ये आहे आणि मी बाजारात आहे.

आणि ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून त्याला शिकवायचं नाही. तुम्ही तिकडे कुवेतला नोकरीला होतात तेव्हा प्रत्येक ट्रिपला मी माझ्या शेजारच्या सीटवर पिशव्या ठेवल्या. या वेळी गपचूप तिथे बसा.

महरीन