नानांच्या आवाजावर माझा आवाज

देवपूर, गुरुवार, दिवेलागण

नाना, माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं. आज माझ्या फाइल पाठवायच्या प्रोग्रामच्या चाचणीला फाइल हवी होती, म्हणून असोद्याहून त्यांनी पाठवलेला व्हॉइस मेसेज घेतला आणि त्यामागे माझं रेकॉर्ड केलेलं उत्तर. कशाला घेतला?

आधी सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, डेटाची स्वतःपुरती प्रत करून मग ती पाठवायचा. वेळ वाचवायला मी ती प्रतच बंद केली. आता सगळं माझ्या मेमरीतून थेट जातं. फक्त कर्नल 'झालं' म्हणेपर्यंत त्या जागेला हात लावायचा नाही. मी लावला. नानांचा मेसेज पूर्ण जायच्या आतच तिथे माझं उत्तर लिहिलं. पलीकडच्या मशीनवर ऐकू आलं, "भाऊ, केळी कापाले आली. तू कधी येशीन?" आणि लगेच मी, "बघतो नाना, कामात आहे."

कर्नलच्या 'झालं'साठी थांबायची एक ओळ कोडमध्ये घातली. पुन्हा पाठवलं. या वेळी नाना पूर्ण आले. "तू कधी येशीन?" नंतर बराच वेळ नुसता श्वास. फोनच चालू आहे असं समजून ते उत्तराची वाट बघत होते. मग हळूच, "बरं."

मेसेज आला तेव्हा मी प्रश्नापर्यंतच ऐकून उत्तर दिलं होतं. ते 'बरं' आज पहिल्यांदा ऐकलं.