वाचवू नये, असा ठराव

९ ऑगस्ट

बाजूच्या मिलवाल्या मोतीलालची कॉलर धरली आज. भर मार्केटात, चहाच्या टपरीवर, दहा माणसांदेखत. म्हणतो कसा — "मदनशेठ, सरकारचा जावई अजून घरीच का?" त्याच्या हातातला चहा त्याच्याच सदऱ्यावर सांडला. सोडवायला पाच जण लागले. पोरगा माझा आहे. शिव्या द्यायच्या तर मी देईन, त्याचं काय काम?

आणि खरं सांगायचं तर तो चुकीचं काय बोलला? रोनक पायलट. 'भारत गगन'मध्ये, म्हणजे सरकारी विमान कंपनीत. पाच महिने पगार नाही. निम्मी विमानं जमिनीवर उभी. अडीच महिने झाले, मुंबई सोडून पिंप्राळ्याला आमच्याकडे येऊन बसलाय. रोज सकाळी बूट पॉलिश करतो आणि कुठेच जात नाही. ते चकचकीत बूट दारात दिसले की डोकं फिरतं माझं.

११ ऑगस्ट

जेवताना वाजलंच. टीव्हीवर तीच चर्चा — सरकारने भारत गगनला वाचवावं की नाही. मी म्हणालो, एक रुपया देऊ नये. माझी डाळ मिल उद्या बसली तर दिल्लीहून कोणी येणार आहे का? नाही ना? मग विमानांचे एवढे लाड कशाला? ज्याला धंदा जमत नाही त्याने कुलूप लावावं.

रोनक म्हणाला, "पप्पा, ज्या गावांना दुसरं कोणी विमान नेत नाही तिथे आम्ही रिकामं विमान नेतो. कोणाच्या हुकमाने? सरकारच्याच ना? परदेशात दंगली झाल्या तेव्हा माणसं आणायला कोण गेलं? तुमच्या मिलला रात्रीतून कोणी सांगतं का, फुकट डाळ दळा म्हणून?"

मी वाटी फेकली. टीव्हीच्या काचेला तडा गेला. त्याने उठून दाराला अशी लाथ घातली की कडीच निखळली. धनकुंवर बसल्या जागेवरून म्हणाली, "दोघे बाहेर जाऊन एकमेकांना संपवा. मला दोन घास खाऊ द्या." छत्तीस वर्षांत या बाईने आवाज चढवला नाही. त्याचाच जास्त राग येतो.

१४ ऑगस्ट

गिरणीवाल्यांच्या संघटनेची सभा रविवारी. ठराव मीच मांडणार — 'जनतेच्या कराच्या पैशातून विमान कंपनी वाचवू नये.' प्रत दिल्लीला जाईल. मसुदा तीनदा लिहिला. मी मराठी शाळेतला. हिशोब मारवाडीत करतो, पण भांडायला मराठीच लागते.

१७ ऑगस्ट

मारलं. साठ माणसांसमोर मारलं त्याला.

ठराव वाचून झाला, टाळ्या झाल्या. आणि शेवटच्या रांगेतून हा उभा राहिला. कोणी बोलावलं होतं? पांढरा शर्ट, तेच बूट. म्हणाला, "एक विचारू का? परदेशातली तूर स्वस्त यायला लागली तेव्हा आयात थांबवा, नाहीतर आम्ही मेलो, असं रडत दिल्लीला कोण कोण गेलं होतं? सरकारने थांबवली. ते वाचवणं नव्हतं का? माझे वडील त्या गाडीच्या पहिल्या डब्यात होते."

कोणीतरी हसलं. मोतीलालच असणार.

मी स्टेजवरून कधी उतरलो ते आठवत नाही. डाव्या कानाखाली, पूर्ण हाताने. खुर्ची घेऊन पडला. उठला तर आणखी दोन दिल्या. चौतीस वर्षांचा घोडा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मनात आणलं असतं तर मला तिथेच आडवं केलं असतं. हात मागे बांधून उभा राहिला नुसता.

ठराव एकमताने मंजूर.

१८ ऑगस्ट

तळहात अजून चुरचुरतो.

मिलवर हमालांचा मुकादम पुना, साक्रीकडचा, बापाच्या वेळेपासूनचा माणूस. पोती मोजता मोजता म्हणाला, "भाऊ, पोऱ्या मोठा व्हई गया. आते हात नही टाकानं." मी त्याच्यावर खेकसलो. तो पुढची पोती मोजायला लागला.

२१ ऑगस्ट

पर्युषण काल सुरू झालं. धनकुंवरने आठ दिवसांची अठाई धरलीय, फक्त उकळलेल्या पाण्यावर. जैन स्थानकात महाराज क्रोधावर बोलले. सगळे माझ्याकडे बघत होते असं वाटलं. एकाची तरी मान मुरगाळावीशी वाटली. असं माझं पर्युषण.

घरी रोनक बोलत नाही. आणि हाक मारली की डोकं वळवून उजवा कान पुढे करतो. आधी वाटलं मुद्दाम करतोय. धनकुंवर म्हणाली, "डाव्याने ऐकू येत नाही त्याला. शिट्टी वाजते म्हणतो." डॉक्टरकडे जा म्हटलं तर तिलाच म्हणाला, "कागदावर आलं तर मेडिकलला नापास करतील. थांबेल आपोआप."

थांबेल. थांबलंच पाहिजे.

२७ ऑगस्ट

संवत्सरी. वर्षभराचा राग आज टाकायचा, नाहीतर तो जन्मोजन्मी मागे लागतो म्हणतात. प्रतिक्रमण झाल्यावर सगळ्यांना हात जोडले — मिच्छामि दुक्कडम्, चुकलं असेल ते माफ करा. मुंबईला सुनेला फोनवर. पुनाला आणि सगळ्या हमालांना मिलवर जाऊन. मोतीलाललासुद्धा. तो तर गळ्यात पडला. म्हणाला, सदरा जुनाच होता.

रोनक समोर आला. हात जोडले मी. तोही उभा, मीही उभा. शेवटी म्हणालो, "पंखा बंद कर."

भडव्या मदनलाल, दोन शब्द नव्हते का तुझ्याकडे?

२८ ऑगस्ट

माझा बाप तराजूच्या दांडीने मारायचा. आणि नंतर स्वतःच तेल लावायला बसायचा. बोलायचा काही नाही. कान दुखला तर तिळाच्या तेलात ओवा कडकडवून, कोमट करून, कापसाने दोन थेंब. आमच्याकडे लसूण चालत नाही, म्हणून ओवा.

आज सकाळी सामायिकाचं ध्यान आटोपून मी तेल केलं. धनकुंवरचं उपास सोडायचं पारणं आज, ती अजून पडूनच होती. मला गॅस पेटवता येतो हे तिला आजच कळलं. वाटी घेऊन रोनकच्या खोलीत गेलो. "झोप आडवा." तो म्हणाला, "पप्पा, राहू द्या." मी म्हणालो, "झोप म्हटलं ना." झोपला. डोकं मांडीवर घेतलं. किती जड झालंय डोकं. दुसरीत असताना घेतलं होतं, ताप होता तेव्हा.

दुखलं त्याला, कळलं मला. दात आवळले त्याने. पण कान हलवला नाही.

१ सप्टेंबर

पाचवा दिवस तेलाचा. आता तोच येऊन आडवा होतो. आज कानातून पिवळं आलं. घाण निघतेय, म्हणजे उतार पडणार. कापसाने पुसून काढलं. काल रात्री ताप होता, चक्कर येते म्हणाला. उपासाच्या दिवसांत पोटभर खाल्लं नाही, दुसरं काय.

आज तूर बघायला मिलवर आला माझ्याबरोबर. पुनाशी अहिराणीत बोलला. पुना माझ्याकडे बघून हसला. त्याच्यावर पण खेकसलो नाही.

१९ सप्टेंबर

दिल्लीने वाचवलं! भारत गगनला मोठं पॅकेज, थकलेले पगार मिळणार, उभी विमानं उडणार. माझ्या ठरावाची बहुतेक पुडी बांधली कोणीतरी. मोतीलालचा फोन — "हरलात शेठ." खुशाल हरलो. चुकीचंच केलं सरकारने, हे मी मरेपर्यंत म्हणेन. आणि संध्याकाळी दोन किलो जिलेबी आणली.

रोनकला कंपनीचं पत्रही आलं. रुजू व्हायच्या आधी मेडिकल, मुंबईला. ताप गेलाय, पिवळं यायचं थांबलंय. ऐकू मात्र अजून येत नाही. तो म्हणाला, "आत तेल साचलं असेल, धुतलं की उघडेल." मी म्हणालो, "तेच."

रात्रीच्या गाडीने जाताना पाया पडला. मी त्याचे बूट पुसून ठेवले होते. त्याने ते घातले.

६ ऑक्टोबर

नापास. डावा कान गेला, कायमचा. विमान आता नाही.

चेलनाने, सुनेने, फोनवर सांगितलं. तो बोलायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, माराने पडदा फाटला होता, तो महिनाभरात आपोआप भरून आला असता. फाटक्या पडद्यातून तेल आत गेलं, पू झाला, आतली नस मेली. फार चिडले म्हणे. विचारलं, कोणत्या मूर्खाने घातलं तेल?

रोनक म्हणाला, मीच.