तीनशे बारा अक्कलदाढा

चि. खारूताईस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे, वेळेवर जेवतेस का आणि मान अजून दुखते का, हे तिन्ही प्रश्न मनापासून विचारते आहे, पण उत्तरं सावकाश दे. आधी माझं ऐक. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. (नाही. पण घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.)

तू सुट्टी संपवून गेलीस त्याच आठवड्यात आमच्या दवाखान्यात तो टाय लावलेला गृहस्थ पुन्हा उगवला. त्याच्याकडे म्हणे तयार सिस्टिम आहे: पेशंटची कार्डं, तारखा, आठवणीची पत्रं, सगळं आपोआप. ती चालवायला त्याच्याच कंपनीची एक मुलगी येणार. म्हणजे दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईने आता घरी बसून भाजी निवडायची. थोरले डॉक्टर असते तर त्यांनी त्या गृहस्थाला त्याच्याच टायला धरून जिन्यापर्यंत पोचवलं असतं. धाकटे डॉक्टर मवाळ. ते मला म्हणाले, "मावशी, महिनाअखेर तुमच्या त्या भाचीने शिकवलेल्या प्रोग्रॅमने पत्रं नीट गेली तर तो माणूस नको. नाहीतर माझा नाइलाज आहे." मी म्हटलं, जातील.

मग रोज दुपारी एक ते चार, दवाखाना बंद असताना, तू लिहून दिलेली वही समोर ठेवून मी तुझ्या त्या सी भाषेत प्रोग्रॅम लिहू लागले. तो तुझा कंपायलर, आपण लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा, त्याचा स्वभाव मला दोन दिवसांत कळला. सरळसरळ चूक दिसली तर तो हटून बसतो, कामच करत नाही. पण नुसती शंका आली तर काम करून देतो आणि वर एक सूचना ऐकवतो. आमच्या थोरल्या जाऊबाई अशाच होत्या. काम सगळं करणार, पण कामागणिक एक शेरा. तू जाताना "आत्या, सूचना वाचत जा, प्रोग्रॅम चालला म्हणून दुर्लक्ष करू नकोस" असं बजावलंस, आणि वर सगळ्या सूचना दिसतील अशी काहीतरी कळही फिरवून ठेवलीस, त्यामुळे पहिल्या दिवशी एकोणीस आल्या. एकोणीस! माझ्या आख्ख्या संसारात एका दिवसात इतकी बोलणी मी खाल्ली नव्हती.

पण मी हार मानली नाही. पहिली सूचना अशी की 'वय' असा रकाना केलात, तो वापरलात कुठे? (कुठेच नाही. वय आपलं विचारायचं म्हणून विचारते मी. बायका खरं थोडंच सांगतात.) काढून टाकला. दुसरी, अपूर्णांक देता आणि पूर्णांक म्हणून छापता, हे कसं? आता अर्धी तुटलेली दाढ मी अर्धीच धरणार ना? आमच्या पोस्टमास्तरांचे साडेसत्तावीस दात मी इमानदारीने भरले, तर कागदावर त्यांचे दात काही कोटी छापून आले. तेही दुरुस्त केलं. तिसरी, रकान्यात काही न भरताच वाचायला निघालात. तेही खरं होतं. खारू, तुला म्हणून सांगते, मला या भांडणाची गोडी लागली. हा बाबा बोलतो खवचट, पण खोटं बोलत नाही. नवव्या दिवशी एकोणीसमधली एकच सूचना उरली.

इथे तुझ्या आत्याचं घोडं पेंड खातं. आमच्याकडे प्रत्येक उपचाराला आकडा आहे: एक म्हणजे सफाई, दोन म्हणजे दात भरणे, तीन म्हणजे कवळी, चार म्हणजे अक्कलदाढ काढणे. मी लिहिलं, जर उपचार = ४, तर अक्कलदाढेचं पत्र छाप. कंपायलर म्हणाला (मी माझ्या शब्दांत सांगते), "खरं-खोटं तपासायच्या जागी तुम्ही किंमत भरता आहात, भोवती कंस घालावेत असं सुचवतो." यातलं पहिलं अर्धं मला कळलं नाही. दुसरं अर्धं चटकन कळलं. कंसांचं मला वावडं नाही (हे तुला या पत्रावरून दिसतच असेल). मी आज्ञाधारकपणे आणखी एक जोडी कंस घातले. सूचना गायब! एकोणीसवरून शून्य. मी उठून आरशात स्वतःला बघून आले.

आता कळतं ते असं. दोन बरोबरच्या खुणा, ==, लिहिल्या तर यंत्राला आपण विचारतो, "याचा उपचार चार आहे का?" एकच लिहिली तर विचारत नाही, हुकूम सोडतो, "याचा उपचार चार कर!" म्हणजे मी एकेका पेशंटच्या कार्डावर आधी अक्कलदाढ लिहीत होते आणि मग तिथे अक्कलदाढ आहे म्हणून त्याला पत्र धाडत होते. आणि तो शहाणा कंपायलर? त्याने शंका काढली होती. पण मी जास्तीचे कंस घातल्यावर त्याला वाटलं, बाई मुद्दामच करताहेत, त्यांना हेच हवंय, आपण कशाला मध्ये पडा. आणि तो गप्प बसला. माझ्यावर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता, आणि नेमका नको तिथे टाकला.

तू म्हणशील, आधी करून बघितलं नाहीस का? बघितलं ना. चपलांच्या दुकानवाल्यांचं एक कार्ड घालून बघितलं. अगदी बरोबर पत्र आलं. (त्यांना खरोखरच अक्कलदाढ काढायची होती. आपलं नशीब असं.) मग मी तीनशे बारा पत्रं छापली, छापील बाजू आत घालून घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली आणि मोठ्या दिमाखात पोस्टात टाकून आले. पत्रात मजकूर असा: "आपली अक्कलदाढ येत्या शनिवारी सकाळी काढायची आहे. उशीर करू नये. सोबत एक समजूतदार माणूस आणावा."

शनिवारी साडेआठला मी कुलूप उघडायला गेले तर रांग जिन्यावरून खाली, फाटकाबाहेर, शिंप्याच्या दुकानापर्यंत. ऐंशी-नव्वद पेशंट, आणि तितकीच समजूतदार माणसं. समजूतदार माणसंच जास्त आरडाओरडा करत होती. एक निवृत्त न्यायाधीश कवळी डबीत घालून आले होते आणि डबी उघडून मला विचारत होते, यातली कोणती? सहा वर्षांची एक मुलगी आईचा पदर धरून रडत होती; तिचे दुधाचे दातसुद्धा सगळे पडले नव्हते. बँकेतल्या बाईंची अक्कलदाढ आमच्याच डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी काढलेली, ती त्या पुरावा म्हणून कापसात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. डॉक्टर आले, त्यांनी रांग बघितली, आणि त्यांची दातखीळच बसली.

आता कार्डं काढून, जुळवून बघायला संध्याकाळ झाली असती. मी स्टूल ओढलं, दारात उभी राहिले आणि कार्डाला हात न लावता एकेकाला सांगत सुटले. तुमची वरची उजवी भरलेली, काही नाही, घरी जा. तुमची नुसती सफाई, ती पुढच्या महिन्यात. तुम्ही थांबा, तुमची खरोखर आहे. तू रडू नकोस ग, तुझी अजून बारा वर्षं यायचीच नाही. सव्वा तासात जिना रिकामा. लोक जाताना हसत होते. दुपारी त्यांनी टायवाल्याला माझ्यासमोर फोन करून नको म्हणून सांगितलं आणि मला म्हणाले, "मावशी, तुम्ही असताना सिस्टिम कशाला? तो कॉम्प्युटर आता झाकून ठेवा. तुमची आठवण पुरे आहे." तेव्हा करायला गेले एक आणि झालं बरं, असं म्हणायला हरकत नाही. तुझ्या बाबांना, म्हणजे आमच्या दादाला, ही हकीकत वाचून दाखव, त्यालाही हसायला कारण हवंच असतं.

फार लिहिलं. तुझं काम सांभाळून उत्तर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी, आणि अजून तरी दवाखान्याची,
आत्या

ता. क. दोन खुणा घातल्या आहेत. जास्तीचे कंस काढले. एका कार्डावर नाही, वेगवेगळ्या दहांवर करून बघितलं. दहाही बरोबर.

ता. क. दुसरा. तू विचारशील, डॉक्टरांनी झाकून ठेवायला सांगितलेला कॉम्प्युटर मी अजून का उघडते? तर ऐक, आणि दादाला हा भाग वाचून दाखवू नकोस. शनिवारी मी ज्यांना "तुमचं काही नाही, घरी जा" म्हटलं त्यांत चष्म्याच्या दुकानाचे मालक होते. सोमवारी ते गाल सुजवून आले. कार्ड काढलं. "खालची डावी अक्कलदाढ, लवकर काढणे." अक्षर माझंच. गेल्याच आठवड्यातलं. आणि ते लिहिल्याचं मला काही केल्या आठवेना. डॉक्टर म्हणाले, त्यांनीच निरोप नीट ऐकला नसेल, मावशी चुकायच्या नाहीत. मी गप्प बसले. या वर्षातली ही तिसरी वेळ. मला भीती वाटते, खारू. प्रोग्रॅम चुकला की तो कंपायलर निदान शेरा मारतो. माझं चुकलं तेव्हा मला आतून काहीसुद्धा टोचलं नाही. मी ठामपणे बोलले आणि माणूस दुखरी दाढ घेऊन घरी गेला. म्हणून तो प्रोग्रॅम मला हवा आहे, डॉक्टरांना नको असला तरी. येत्या रविवारी ये. उरलेल्या तीनशे दोन कार्डांवर माझ्याशेजारी बसून बघ, आणि मी कुठे अडखळले तर मुळीच भीड न धरता तोंडावर सांग. सोमवारी मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. तेव्हा तू दवाखान्यात असलीस तर बरं होईल.