अंदाजे आठ इंच

प्रिय मोजपट्टी,

या वर्षी माझ्या हातांनी काय काय बनवलं ते आधी सांगतो. दोनशे खाटांचं एक रुग्णालय. नदीवरचे दोन पूल, त्यातला एक मधोमध उघडणारा. एक शाळा, मैदानासकट. एक ग्रंथालय, ज्याच्या जिन्याला एकशे बारा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी मी वेगळी कापून चिकटवली आहे. शिवाय एक चौदा मजली इमारत. तिच्या नवव्या मजल्यावरच्या एका गॅलरीत कपडे वाळत घातलेत. नकाशात कपडे नव्हते, पण माणसं राहणार म्हटल्यावर ते वाळणारच. रुग्णालयाचं मॉडेल सगळ्यात मोठं, तरी आपल्या जेवायच्या टेबलावर मावलं. आठ दिवस आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तुझी आई म्हणाली, दोनशे खाटा आहेत ना, त्यातली एक मला द्या, जरा पाठ टेकते.

ही कला मला कुणी शिकवली नाही, हे तू हजारदा ऐकलं आहेस, तरी लिहितो. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत आणि पुठ्ठे कापत मी शिकलो. म्हणून माझ्या टेबलापाशी 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा. काचवाला एकदा 'अंदाजे आठ इंच' म्हणाला, तर मी काच न बघताच त्याला परत पाठवलं होतं. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, हातात माझी मोजपट्टी घेऊन शेजारच्या मांजराच्या शेपटीमागे फिरायचीस. तुझं नाव तेव्हापासून पडलं.

या एका शब्दापायीच मी तोंडावर आपटलो. नोकरीत होतो तोवर मालक पगारातूनच कर कापायचे, मला पत्ताही लागायचा नाही. स्वतःचं काम सुरू केल्यावर कळलं, की आपल्यासारख्याने वर्ष चालू असतानाच यंदा किती मिळेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरचा कर चार हप्त्यांत आधीच भरायचा. मला ते पटेना. जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? वर्ष संपू दे, पैन् पैचा हिशेब करून एकदम भरतो, असं ठरवलं. कर कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी माझा स्वच्छ कागद वरून खाली वाचला आणि म्हणाल्या, काका, आकडा अगदी बरोबर आहे, पण चारही तारखा गेल्या की हो. वर व्याज लागलं. आलेले सगळे पैसे माझेच समजून त्यातून मी पुठ्ठे कापायचं मोठं मशीन घेतलं होतं. ते माझ्या जुन्या मालकांनाच अर्ध्या किमतीत विकावं लागलं. ते नेताना मालक म्हणाले, हात सोन्याचे आहेत हो तुमचे, पण व्यवहार कच्चा. परत या, कराबिराचं आम्ही बघू. तू सुट्टीत घरी आलीस, मशीनच्या जागी फरशीतली बोल्टची चार भोकं बघितलीस आणि वळसा घालून आत गेलीस. काही विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

मला वाट दाखवली तुझ्या आईने, तीही शिलाई मशीनवरून मान वर न करता. म्हणाली, अहो, वाढत्या पोरीचा फ्रॉक शिवताना मी काय तिची पुढच्या वर्षीची उंची मोजलेली असते? खाली दुमड ठेवते. वाढली की उसवते. तुमच्या त्या साहेबी आकड्याला दुमड ठेवा की.

पंचवीस वर्षं त्या शिलाई मशीनशेजारी बसून मी कधी दुमडीकडे पाहिलं नव्हतं. मग बसलो. मागच्या तीन वर्षांत कोणत्या महिन्यात किती काम आलं, ते आलेखाच्या कागदावर मांडलं. वास्तुविशारदांच्या स्पर्धा वर्षाच्या शेवटी असतात, तेव्हा काम दुप्पट होतं. पहिल्या तिमाहीला चारने गुणणारा तिथेच फसतो. प्रत्येक बिलाचे पैसे आले, की त्याच दिवशी शंभरातले वीस वेगळ्या खात्यात टाकायचे, आणि त्या खात्याकडे दुसऱ्याच्या घरात बघावं तसं बघायचं, म्हणजे बघायचंच नाही. दर हप्त्याच्या आधी अंदाज नव्याने बांधायचा. तिसऱ्या हप्त्याआधी स्टेडियमचं काम रद्द झालं, दुमड वाढवली. मग ग्रंथालय आलं, उसवली.

गेल्या महिन्यात वर्षाचा हिशेब पक्का झाला. भरलेला कर आणि खरा कर यांत फरक किती, तर तीनशे चाळीस रुपये. तोही माझ्या बाजूने. मीच जास्त भरले होते, ते आता मला परत मिळतील. खिडकीवर त्याच बाई होत्या. हे कुणाकडून करून घेतलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्वतः केलं, दुमड बायकोची. त्या म्हणाल्या, मग आमच्या ह्यांनाही जरा शिकवा. घरी चालत आलो. बसमध्ये बसवलंच नसतं मला.

आणि सोमवारी मशीन परत आणलं. तेच, मालकांकडून, रोख देऊन. चारही बोल्ट जुन्याच भोकांत बसले. फरशीत एकही नवं भोक पाडावं लागलं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते. मागच्या आठवड्यात तू आईशी फोनवर बोलत होतीस, तिने शिवता शिवता स्पीकर लावला होता. माझं पुठ्ठे घासायचं यंत्र बंद होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं, हे तुम्हा दोघींना माहीत नव्हतं. तू म्हणालीस, नोकरी सोडून कापडावरच्या नक्षीचं स्वतःचं काम करावंसं वाटतं, पण बाबांसारखं होईल याची भीती वाटते. मला राग आला नाही. तू पाहिली होतीस ती भोकंच. म्हणून चारही हप्त्यांच्या पावत्यांच्या प्रती आणि तो आलेखाचा कागद सोबत पाठवतो आहे. तुझे आकडे वेगळे येतील, रीत हीच. नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. भिऊन थांबू मात्र नकोस. आणि बाबांसारखं होणं म्हणजे नेमकं काय, तेही आता पुरतं ऐक. सोमवारी मशीन गाडीत चढवताना मालकांनी मला मॉडेल विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं. कायमची नोकरी, कर कापून तेच भरणार, मी फक्त सही करायची. मी तिथेच उभ्या उभ्या नाही म्हटलं. पगाराची रक्कम कळल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही, आणि इथे अंदाज नको: वर्षाला एकवीस लाख साठ हजार.

तुझाच, दुमड शिकलेला,
बाबा