प्लास्टरचा रॅम्प

प्रिय सुमनताई,

तुला जाऊन पाच महिने झाले आणि आज लिहायला बसलोय, कारण काल शेठच्या मंगल कार्यालयाची पाहणी झाली. तू हवी होतीस गो! एवढी फजिती बघायची सोडून कुठे गेलीस?

आठवतं, शेजारच्या मालूच्या लग्नात तुझी तीनचाकी त्या अकरा पायऱ्यांशी अडली होती? शेठ वरून हसत म्हणाला, "चौघं उचलतील की गो तुला! त्यात काय लाजायचं?" तू म्हणालीस, "मी काय पोतं नाय." आणि चपलांच्या ढिगाशेजारी बसून जेवलीस. त्याच्याच पेणच्या कारखान्यात तू वीस वर्षं गणपतींचे डोळे आखलेस आणि त्याला तुझ्यासाठी एक रॅम्प बांधवला नाही. माणूस कसला, नुसता फेटा!

तू अलिबागला ग्राहक मंचात गेलीस. त्याचा वकील म्हणे, ही बाई ग्राहकच नाही, नुसती पाहुणी! अपंगांसाठी नवा कायदा आलाय म्हणालीस, तर म्हणे तो सरकारी इमारतींना. मग तू काय केलंस? हॉल स्वतःच्या नावाने घेतलास, तुळशीच्या लग्नासाठी! पावती फाडायला लावलीस. लग्न लागलं तेव्हा तुळस वर आणि तू खाली. असली ग्राहक त्या वकिलाने जन्मात पाहिली नसेल.

निकाल तुझ्या बाजूने लागला, पण तू गेल्यावर. तुझ्या जागी मी उभा होतो. रॅम्प बांधा, असा हुकूम झाला.

शेठने चार दिवसांत रॅम्प उभा केला. कसा, ओळख बघू! बांबूच्या सांगाड्यावर काथ्या नि प्लास्टर, वरून सिमेंटचा रंग. गणपतीच्या पोटासारखा आतून पोकळ! पाहणीला नेमलेले साहेब हात फिरवून "छान फिनिशिंग" म्हणाले. मी तुझी तीनचाकी रोह्याहून टेम्पोत घालून आणली होती. तिच्यात बसलो आणि हातांनी फिरवत निघालो. अर्ध्यावर पुढचं चाक कचकन आत गेलं! काथ्या बाहेर, साहेबांचे बूट पांढरेफटक.

आणि शेठ म्हणतो कसा, "अरे, बाई तर गेली. आता वापरनार कोन हाय?"

इतकी किळस मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.

पण ताई, त्याला शिव्या घालताना माझीच जीभ अडखळते. त्या लग्नात तुझ्या बखोटीला पहिला हात कुणी घातला होता? मीच ना! "चल गो, लोक बघतात," म्हणालो होतो. तू हात झटकलास. मी रागावून वर गेलो आणि पोटभर जेवलो. का नाही बसलो तुझ्याजवळ? शेवटी ज्येष्ठात चौघांनी तुला उचललंच. पुढचा खांदा माझा होता. त्या दिवशी तुला नाही म्हणता आलं नाही.

पुन्हा तारीख पडलीय. शिफ्ट बुडवून जाईन. येत्या माघात आपल्या चिमीचं लग्न आहे आणि मुलाकडच्यांनी हॉल तोच घेतलाय. तोवर खरा रॅम्प झाला नाही, तर मी त्या पायऱ्या चढणार नाही. मुलीचा बाप खाली चपलांपाशी जेवेल, तुझ्या जागेवर बसून.

तुझा,
बाळू