दव पडायच्या आत

वटार,
६ फेब्रुवारी २०२५

चि. दिपिका हिस अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार आणि अनुष्काला गोड पापा.

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं हिंडती-फिरती आहोत. फोनवर बोलायचं तर तुझी आई शेजारीच बसलेली असते, आणि जे लिहायचंय ते तिच्यासमोर बोलता येत नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? बापाला दटावायची तुझी सवय शाळेपासूनची आहे, नाशिकला गेलीस तरी गेली नाही.

वाडीचं म्हणशील तर राजेळी केळीचे घड यंदा बरे आले. मागच्या बावखलात अजून पाणी आहे, त्यामुळे झाडांचं भागतं. चाफाही भरपूर फुलतोय, पण फुलं खाली पडून कुजतात. शेजारची इनेझ परवा म्हणाली, "जयरामदादा, चाफा तोडीत नाय आताशा?" मी म्हटलं, कंटाळा आला. तुला खरं सांगतो, तुझ्या आईला एकटीला सोडून मला चाफ्यापर्यंतसुद्धा जाता येत नाही.

तू रोज विचारतेस, "आई, काय जेवलीस?" ती सांगते, "वांग्याची भाजी." तुला बरं वाटतं. अगं, मी समोर उभा राहून ओठ हलवून तिला सांगत असतो. अनुष्काचं नावही मीच पुरवतो. नाटकात विंगेतून वाक्यं सांगणारा असतो ना, ते काम मला आता झकास जमतं.

गणपतीनंतर तू बाई पाठवली होतीस. तिला मी दोन दिवसांत परत पाठवलं आणि तुला कळवलं की आईला परक्या हातची आंघोळ आवडत नाही. आईची काही तक्रार नव्हती. मलाच आवडत नव्हतं. जयरामला बायको सांभाळता येत नाही असं गावाने म्हणावं, हे मला सोसवत नव्हतं. मग आंघोळ, जेवण, वेणी सगळं मी शिकलो. वेणी वाकडी येते. साडी नेसवणं मात्र जमेना, म्हणून गाऊन आणले. एवढं येतंय म्हणजे पुढचंही येईल, असं धरून चाललो होतो.

सुकेळी मात्र अजून तीच करते. पिकलेली केळी सोलून अंगणातल्या बुटक्या मांडवावर उन्हात ओळीने वाळत ठेवते, कावळे हाकलते, बोटाने दाबून बघते, उलटते. तिथे तिचा हात चुकत नाही. तिचा दिवस त्यात बरा जातो, म्हणून मी थोडे घड मुद्दाम मागे ठेवले. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळी केळी घरात घ्यावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. तेवढं तिला आता आठवत नाही. ते मी करतो.

गेल्या आठवड्यात उन्हं उतरल्यावर मी केळी टोपल्यांत भरून आत आणली. वळून बघतो तर ती एक टोपली घेऊन बाहेर निघालेली. "कुठे?" म्हटलं. "उन्हात घालते," म्हणाली. तिला सकाळ वाटत होती. मी हसलो, टोपली काढून घेतली. तिने दुसरी उचलली. मी तिला अंगणात नेऊन आभाळ दाखवलं. तिने मान हलवली आणि आत येऊन पुन्हा टोपली उचलली. मी आत आणतोय, ती बाहेर नेतेय, असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी अंगणात टोपली उपडी झाली. केळी मातीत पडली आणि ती खाली बसून ती मातीसकट मांडवावर ठेवायला लागली.

दिपिका, मी तिचा हात पिरगळला. तसंच खेचून तिला उठवलं आणि ओरडलो. मला तसं ओरडताना तू कधी ऐकलं नसशील. नंतर व्हिडिओ कॉलवर तुला तिच्या मनगटावर काळंनिळं दिसलं, तू विचारलंस, मी म्हणालो बांगडी रुतली. ती माझी बोटं होती.

आवाज ऐकून इनेझ कुंपणातून आली. तिने मातीतली केळी गोळा केली. जाताना एवढंच म्हणाली, "दादा, मी सासूचं केलंय. एकट्या मानसाचं काम नाय ते."

ती गेल्यावर मी तुझ्या आईचे हात कोमट पाण्याने धुतले आणि मनगटाला तेल लावत बसलो. ती माझ्याकडे बघत होती. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "तुमी चांगले दिसता म्हनून सांगते. आता इथं एक मानूस आला होता. त्यानं माझा हात पिरगाळला. आमचे हे वाडीत पानी लावायला गेलेत. ते आले का सांगते त्यांना. सोडायचे नाहीत ते त्याला."

मी म्हटलं, "सांगा."

तेव्हापासून मी आवाज चढवलेला नाही. पण माझा मला भरवसा उरलेला नाही. मी थकलोय, दिपिका, आणि थकलेल्या माणसाच्या हाती तुझी आई एकटी आहे. आईला सांभाळायला कोणीतरी हवं असं तू म्हणायचीस. आता मीही म्हणतो, आणि ते आधी तिला माझ्या रागापासून वाचवायला हवं. इनेझच्या ओळखीची गास गावची लुसी म्हणून बाई आहे, घरात राहून करायला तयार आहे. तू ये आणि तिच्याशी बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही, तिला परतही पाठवणार नाही. नातेवाइकांना सांग, बाबांना वयामुळे झेपत नाही. तेही खरंच आहे. हाताचं मात्र तुझ्यापाशी ठेव, किंवा नको ठेवूस. ते मी तुझ्यावर सोडतो.

संध्याकाळ झाली की तुझी आई दाराशी जाऊन बसते. मी शेजारीच असतो. कोणाची वाट बघतेस विचारलं तर म्हणते, "हे येतील आता."

लवकर ये. घरात कोणीतरी असलं म्हणजे मला वाडीत जाता येईल, आणि संध्याकाळी तिच्यासमोर घरी येता येईल.

तुझे बाबा,
जयराम