उभ्या जहाजावर उतरलेलं विमान

आबा, काल दुपारी एक परदेशी विमानवाहू जहाज मुंबईच्या बंदरात येऊन नांगरलं. बातमी पक्की आहे. नौदलाच्या माहिती अधिकाऱ्यानं संध्याकाळी आम्हा पत्रकारांना बोलावून ती स्वतः सांगितली. पाच दिवस मुक्काम आहे आणि रविवारी सकाळी जहाज लोकांना पाहायला खुलं होणार आहे. मी आता निवृत्त आहे, पण जुन्या ओळखीवर वर्तमानपत्र अधूनमधून काम देतं, म्हणून मीही गेले होते. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर मी एकच विचारला. पन्नासेक वर्षांपूर्वी अशी जहाजं यायची, तेव्हा ती बंदरात उभी असताना त्यांच्यावर विमान उतरायचं का? अधिकारी तरुण होता. न हसता म्हणाला, "नाही मॅडम. भर समुद्रात, जहाज वाऱ्याच्या तोंडाला वेगानं चाललं असेल तरच उतरायचं. बंदरात विमानं नुसती उभी असायची." शेजारी बसलेल्या पत्रकार पोरानं मला हळूच विचारलं, "बाई, हे कशाला हवं होतं तुम्हाला?" मी वहीत उत्तर लिहून घेत होते. उत्तर मला आधीच ठाऊक होतं. तुम्हालाही होतं.

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात तुम्ही मला घेऊन मुंबईला आलात. मी अकरा वर्षांची होते आणि हातभराच्या पलीकडचं मला काही दिसत नव्हतं. गावानं मला आंधळी ठरवलं होतं. बायका आईला म्हणायच्या, पोरीला निदान जात्यावर बसव, त्याला डोळे लागत नाहीत. तुमचे मामेभाऊ गोदीत हमाली करायचे, त्यांनी निरोप धाडला की इथं डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे, पोरीला दाखवा. आपण हिंगोलीला गाडीत बसलो, पूर्णेला बदलली, मनमाडला पुन्हा बदलली. फडक्यात आईनं दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी होती. डॉक्टरनं माझ्या नाकावर एकामागून एक भिंगं ठेवली आणि म्हणाला, ही आंधळी नाही, हिला लांबचं दिसत नाही एवढंच. चार दिवसांनी चष्मा मिळाला. त्याच सकाळी मामेकाका म्हणाले, बंदरावर जहाज आलंय, त्याच्यावर विमानं हायेत, सगळी मुंबई बघायला लोटलीय, तुमी पण चला.

बंदरावर तुम्ही मला पुढं उभं केलंत. माणसं दगडी कठड्यावर चढली होती, बापे लेकरांना खांद्यावर घेत होते, शेंगदाणेवाला त्या गर्दीतून टोपली डोक्यावर धरून चालला होता. जहाज लांब उभं होतं. त्याची पाठ सपाट, आपल्या नदीकाठच्या मळीच्या वावरासारखी, आणि तिच्यावर पंख मिटलेली विमानं ओळीनं. टोळ बसल्यासारखी. एवढंच. त्या दिवशी एकही विमान उडालं नाही आणि एकही उतरलं नाही. तुम्ही विचारलंत, "दिसून राहिलं का बाई?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही पुन्हा विचारलंत, आणि मी पुन्हा व्हय म्हटलं, तेव्हा तुम्ही पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलंत.

गावी आलो तर ओट्यावर माणसं जमलेली. चष्मा गावानं पाहिला होता तो फक्त तहसीलच्या पेशकाराच्या नाकावर. पोरीच्या नाकावर कधीच नाही. पाटील स्वतः आले होते. त्यांनी माझी परीक्षा घ्यायला काठी उचलली आणि म्हणाले, "त्या बाभळीवर काय बसलंय, सांग." मी सांगितलं, होला. पोरं पळत जाऊन पाहून आली आणि ओरडली, होलाच हाय. आई चुलीपाशी होती, ती उठून दारात येऊन उभी राहिली. तिथं थांबले असते तर झालं असतं. पण पाटलांनी विचारलं, मुंबईत काय काय पाहिलं, आणि मी जहाज सांगितलं, त्यावरची विमानं सांगितली.

"जहाजावर विमान?" पाटील म्हणाले. "ते तिथं गेलं कसं?"

आबा, प्रश्न बराबर होता. मला उत्तर माहीत नव्हतं. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं आणि पहिल्यांदाच मला त्यांचे चेहरे दिसत होते, एकेक करून, अगदी मागच्या बाईच्या कपाळावरच्या गोंदणापर्यंत. मी म्हटलं, "उडत आलं आन उतरलं."

"तू पाहिलं?"

"व्हय. माझ्या म्होरं उतरलं."

हशा झाला. कुणी म्हणालं, मंग आमच्या म्हशीच्या पाठीवर बी उतरंल. पाटील हसले नाहीत. ते तुमच्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "आता तुमीच सांगा. पोरगी खोटं बोलून राहिली, का हा चष्मा नसलेलं दाखवतो? चष्मा तसला असंल तर होला बी अंदाजानं सांगितला नसंल कशावरून?"

बाभळीवरचा होला उडून गेला एवढं आठवतं. मग तुम्ही म्हणालात, "उतरलं. मी बी पाहिलं. माझ्या डोळ्याला चष्मा न्हाई."

त्या वाक्याची किंमत तेव्हा मला कळली नव्हती. पूर्णा नदीच्या पुरानं दर दोन-तीन वर्षांनी काठच्या वावरांवर गाळ चढायचा आणि बांधाचे दगड गाडले जायचे. मग दोन्हीकडचे शेतकरी तुम्हाला बोलवायचे. तुम्ही अंघोळ करून यायचात, जुन्या बांधाच्या टोकाची माती मुठीत घ्यायचात आणि अनवाणी चालू लागायचात. चालताना कुणी बोलायचं नाही. तुम्ही थांबाल तिथं दगड रोवायचा आणि पुढं भांडायचं नाही, असा रिवाज. मुठीत माती घेणाऱ्यानं जन्मात खोटं बोललेलं नसावं, एवढीच अट होती, आणि ती तुमच्या आधी तुमच्या वडिलांनी पाळली होती.

त्या पावसाळ्यात पूर आला आणि दगड गेले. नदीकाठच्या दोन चुलतभावांचा तंटा होता. धाकटा तुम्हाला बोलवायला निघाला, तर थोरला चावडीवर म्हणाला, "आबा नको. त्यांच्या बांधावर विमान उतरंल." माणसं हसली. मग तहसीलमधून गिरदावर आला, त्यानं लोखंडी साखळी ओढून जमीन मोजली आणि दगड रोवून गेला. त्या दिवशी तुम्ही घरीच होतात, बैलाचा नवा कासरा वळत होतात. आई म्हणाली, "तुमी जाऊन सांगत काहून न्हाई, दगड चुकला म्हणून?" तुम्ही म्हणालात, "साखळी मोजून गेलीय." मी जवळच बसले होते. तुमच्या हातातला पीळ सुटला आणि तुम्ही तो पुन्हा पहिल्यापासून घातलात.

दुसऱ्या वर्षी सेनगावकडचा एक गडी फौजेतून परतला. सोयरिकीसाठी आपल्या गावात आला असताना कुणीतरी चेष्टेनं त्याला जहाजाचं विचारलं. तो म्हणाला, "त्यात हसायचं काय? मी सोता पाहिलंय. भर समिंदरात, जहाज चालून राहिलेलं, आन विमान येऊन बसतंय वरी." संध्याकाळी पाटील आणि ते दोघे चुलतभाऊ आपल्या घरी आले. थोरल्यानं वाकून तुमचे पाय धरले. पाटील म्हणाले, "चुकलं आमचं. उद्या मुठीत माती घ्या आन बांध नीट लावून द्या. साखळीचा दगड दोघांना बी पटंना."

मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होणार. मी आत जाऊन तुमचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. आणि तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "न्हाई. आता मला ते काम नको."

"राग धरू नका, आबा," थोरला म्हणाला.

"राग न्हाई."

"मंग काहून?"

तुम्ही त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवलात. गावानं तो ताठा मानला. ते गेल्यावर मी बाहेर आले आणि म्हटलं, शिपायानं तर खरं ठरवलं ना आपलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "तो चालत्या जहाजाचं बोलला. आपण पाहिलं ते उभं व्हतं." आणि थोड्या वेळानं, "बंदरावर आपण दोघं व्हतो बाई. माझ्या मुठीला ते ठावं हाय." एवढीच तुमची बोलणी. तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं, असं मला पुढं पुष्कळ वेळा वाटलं.

त्या उन्हाळ्यात तुम्ही मला हिंगोलीला शाळेत घातलंत. निजामाचं राज्य गेलं ते पाहायला तुम्ही उरला नाहीत. त्याच्या आधल्या महिन्यात तापानं गेलात. ते बांध आता सिद्धेश्वरच्या धरणाच्या पाण्याखाली आहेत, गिरदावराचा दगडही. मी चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या. दोन माणसांनी सांगितल्याशिवाय ओळ छापायची नाही, असं नव्या पोरांना शिकवलं. त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं नाही की मला हे कुणी शिकवलं, आणि दुसरा माणूस कधी कधी कशासाठी हो म्हणतो.

एक राहिलंय, ते सांगते. ओट्यावर पाटलांनी विचारलं तेव्हा मला विमानाचं काही नीट सांगता आलं नाही, कारण मी जहाज फार थोडा वेळ पाहिलं होतं. त्या सकाळीच चष्मा लागला होता. बाकीचा सगळा वेळ मी मान वळवून तुमच्याकडे पाहत होते. तुमच्या हनुवटीवर वण आहे, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. हे चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून मी विमान उतरवलं.

हे पत्र कुठंच जाणार नाही. पहिल्या चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवीन. परवा रविवार. नऊ वाजता फाटक उघडेल, पहाटेपासून रांग लागेल असं पोलिसांचं म्हणणं आहे, आणि दुपारी चारपर्यंत मजकूर हवा असं ऑफिसनं कळवलं आहे. मी रांगेत उभी राहीन. जे दिसेल तेवढंच लिहीन. पण रांगेत बापांनी आणलेल्या पोरीही असतील, आणि जहाजाकडे मी किती वेळ पाहीन, ते आत्ता सांगता येत नाही.